थोरलीला ‘दॅन’ लागत नाही

हिंगोली,
कार्तिक वद्य अष्टमी, शके १८७०

प्रिय पारू,

तुझं पत्र गुरुवारी पोचलं. टपाल सुरू होऊन महिना होत आला, तरी वाशीमहून आलेला कागद हातात पडला की अजून खरं वाटत नाही. आबा अंगणात बाजेवर बसले होते, त्यांना वाचून दाखवलं. माय चुलीपुढून उठून दारात येऊन उभी राहिली. शेवटच्या चार ओळी मात्र मी मोठ्यानं वाचल्या नाहीत. ‘गोदूचा नमस्कार’ असं म्हणून कागदाची घडी घातली. त्या ओळींचं पुढं लिहिते. आधी इकडचं सांगते, म्हणजे तुझा जीव थाऱ्यावर येईल.

सगळे खुशाल आहोत. आबांचा गुडघा दुखतो, पण कापसाचं जिन सुरू झाल्यापासून त्यांना गुडघ्याची आठवण राहत नाही. मागच्या साली कापूस घरातच पडून राहिलेला, त्यामुळं औंदा दोन सालांचा एकदम आलाय आणि गाड्यांची रांग स्टेशनापर्यंत लागते. मायची काळी शेळी व्यायली, दोन करडं झाली. आमची शाळाही उघडली. नवं सरकार आल्यापासून वर्ग उर्दूऐवजी मराठीत घ्यायचे असं ठरलंय, म्हणून आपल्या मास्तरीणबाई फातिमाबी सत्तावन्नाव्या वर्षी बाराखडी गिरवून राहिल्यात. दुपारच्या सुट्टीत माझ्या शेजारी बसून ‘ळ’ काढतात आणि म्हणतात, ही जिलेबी कोणी बनवली. तुझी चौकशी रोज असते. ‘गुडर’ कशी आहे, असंच विचारतात. तुझं पारू हे नाव त्यांच्या तोंडी कधी बसलंच नाही.

हरिचंदराव गेले त्या वेळी आम्ही कुणी आलो नाही, हे तुझ्या सासरच्यांनी बोलून दाखवलं असेल. तू आषाढात पाठवलेला निरोप कनेरगावच्या सरहद्दीच्या नाक्यापलीकडं राहिला. पैनगंगेच्या ह्या तीरावरचं माणूस त्या तीरावर जात नव्हतं, गेलं तर परत येत नव्हतं. नरसीचा एक दुकानदार श्रावण सरताना वाशीमहून वाट चुकवत परतला, त्याच्याकडून कळलं की विषमज्वरानं जावई गेले. तोवर महिना उलटला होता. माय दोन दिवस जेवली नाही. आबा जिनात जाऊन बसले, तेव्हा जिन बंद होतं तरी जाऊन बसले. मी काय केलं ते लिहीत नाही, तुला माहीत आहे मी कशी रडते.

तुझं पत्र आल्यापासून मला ते फातिमाबींकडचे दिवस फार आठवून राहिलेत. तुझ्या लेकीला, गोदूला, तू कधी सांगितलंस का, आपण इंग्रजी का शिकलो ते? आबा जिनात कारकून. मुंबईच्या पेढीची पत्रं इंग्रजीत यायची आणि ती वाचून घ्यायला त्यांना पोस्टमास्तरांच्या ओट्यावर ताटकळावं लागायचं. एकदा पोस्टमास्तर चार दिवस गावाला गेले आणि पत्र तसंच खिशात राहिलं. त्या आठवड्यात आबांनी ठरवलं की घरात मुलगा नसला तर नसो, मुली आहेत. छावणीतल्या जुन्या बंगल्यांच्या मागं फातिमाबी राहायच्या. त्यांचे वडील गोऱ्या साहेबांना उर्दू शिकवणारे मुन्शी, आणि मडमांच्या अंगणात खेळता खेळता ह्यांना इंग्रजी आलेलं. छावणी उठली, गोरे गेले, मुन्शीजी गेले, नवरा गेला, इंग्रजी तेवढं राहिलं. मुलींच्या शाळेत त्या शिकवायच्या आणि संध्याकाळी घरी आपल्या दोघींना. मी चौदाची, तू अकराची. माय आपल्याला घरून पाण्याचा तांब्या देऊन पाठवायची, कारण त्यांच्याकडचं पाणी चालत नव्हतं. फातिमाबींनी त्या तांब्यासाठी कोनाडा रिकामा करून दिला होता.

विशेषणांच्या तीन पायऱ्यांचा धडा आपण पावसाळाभर केला. आपल्या मराठीत उंच तो उंचच. ह्याच्यापेक्षा उंच, सगळ्यांत उंच, पण ‘उंच’ आपल्या जागचा हलत नाही. इंग्रजीत शब्दच अंग बदलतो, टॉल, टॉलर, टॉलेस्ट. मला हे काही केल्या उमगेना, तेव्हा त्या म्हणाल्या, “फारसी में भी ऐसाच है, बेटी. बद, बदतर, बदतरीन.” मी घरी येऊन आबांना सांगितलं तर ते म्हणाले, अगं, संस्कृतातही लघु, लघुतर, लघुतम असतं, त्या तर-तमावरनंच आपण तारतम्य म्हणतो. दुसऱ्या दिवशी मी हे फातिमाबींना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि तीनही भाषांतले शब्द पाटीवर एकाखाली एक लिहिले. आबांचा आणि त्यांचा एकाच शब्दावर वाद झाला, तोही माझ्यामार्फत. कापसाच्या पत्रांत ‘फाइन’ आणि ‘सुपरफाइन’ यायचं, म्हणून आबा म्हणत की फाइनची तिसरी पायरी सुपरफाइन. फातिमाबी म्हणत फायनेस्ट. आबा म्हणाले, माल मुंबईवाले घेतात, व्याकरण घेत नाहीत.

तू मात्र प्रत्येक वेळी गुड, गुडर, गुडेस्ट. बेटर सांगितलं की मान डोलवायचीस आणि पुन्हा गुडर. मला वाटतं तुला येत होतं, तुला फातिमाबींना हसवायचं होतं.

ओल्डर आणि एल्डर ह्यांतला फरकही त्याच पावसाळ्यातला. झाड, घर, परकं माणूस ह्यांना ओल्डर. एका आईच्या लेकरांत एल्डर. आणि एल्डरपुढं ‘दॅन’ लावायचं नाही, म्हणजे तिच्यापेक्षा, ह्याच्यापेक्षा असं म्हणायचंच नाही. मी विचारलं, का नाही? त्या म्हणाल्या, तुम्ही ‘थोरली’ म्हणता ना, तसंच. “एल्डर मतलब पहले आयी, बस. उसमें मुकाबला नहीं.” मी ते वाक्य नियम म्हणून पाठ केलं. त्या वयात सगळंच नियम म्हणून पाठ करायचे.

मग तो मार्गशीर्षातला दिवस. माझी सतरा सरली होती. नामाजी मध्यस्थानं वाशीमचं स्थळ आणलं, मुलगा मॅट्रिक, इंग्रजांच्या मुलखात कोर्टात नकलनवीस. हरिचंदरावांना घेऊन तुझे सासरे संतरामजी आले, त्यांचे मामा आले. मामांनी सतरंजीवर बसता बसताच सांगितलं की मुलाला चार अक्षरं इंग्रजी येणारी मुलगी पाहिजे. मायनं मला अंजिरी लुगडं नेसवलं होतं. तू दाराआड.

हरिचंदरावांनी मान वर न करता विचारलं, गुडच्या तीन पायऱ्या सांगा. मी सांगितल्या. बॅडच्या विचारल्या, सांगितल्या. मग ओल्डच्या. मी म्हणाले, त्याच्या दोन तऱ्हा आहेत, ओल्डर-ओल्डेस्ट आणि एल्डर-एल्डेस्ट. ते म्हणाले, दोन्ही एकच. मी म्हणाले, नाही, एल्डर घरातल्या लेकरांसाठी असतं आणि त्यापुढं दॅन येत नाही. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी स्वतःच एक वाक्य करून दाखवलं आणि इंग्रजीत म्हणाले की आपलं वाक्य ‘मोअर बेटर’ आहे. माझ्या तोंडून निघून गेलं, “मोअर लागत नाही, नुसतं बेटर पुरे.” आणि तू दाराआड फिस्सकन हसलीस. मामा आबांकडं वळून म्हणाले, “पाहुणे आमी का तुमी, आं? पोरगी परीक्षा घेऊन राहिली.” आबांनी पानाचं तबक पुढं केलं. पाहुणे गेल्यावर माय मला म्हणाली, “काहून बोलली गं तू? इचारलं तेवढंच सांगायचं असतंय.” मी म्हणाले, विचारलं तेवढंच सांगितलं.

दोन दिवसांनी नामाजी आला, जोडा बाहेर काढून उंबऱ्यातच उभा राहिला. “थोरली न्हाई, धाकटी पसंत हाय म्हणतात.” माय आत जाऊन बसली. थोरली बिनलग्नाची असताना धाकटीचं करायचं म्हणजे चार लोक काय म्हणतील, हेच आबा म्हणत राहिले. त्यांना मी म्हणाले, पारूचं करा, घर चांगलं आहे, माझं पुढं बघू.

मला वाईट वाटलं, पारू. तुझ्याजवळ खोटं लिहीत नाही. पण ते हरिचंदरावांसाठी नव्हतं, त्यांना मी पाहिलं होतं ते चहा थंड होईस्तोवर. वाईट वाटलं ते बरोबर उत्तर देऊन नापास झाल्याचं. मी संध्याकाळी एकटीच फातिमाबींकडे गेले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं त्या जवळ घेतील. त्यांनी विचारलं, “जवाब गलत दिया था क्या?” मी म्हणाले, नाही. “तो फिर बैठो. आगे का सबक निकालो.” मी बसले. तो सबक मला आजही जसाच्या तसा येतो.

वैशाखात तुझं लग्न झालं. वरातीच्या गाडीत चढताना तू सगळ्यांच्या गळ्यात पडलीस, माझ्याकडं पाहिलं नाहीस. मला वाटलं, लाजली. इतकी वर्षं मी तेच समजून होते.

पुढचं तुला तुकड्यातुकड्यानं माहीत आहे. डोंगरकड्याचा एक बिजवर आला होता, तीन लेकरं, मोठं किराणा दुकान. त्याची एकच अट होती की शिकणं-शिकवणं बंद. तोवर फातिमाबींनी शब्द टाकून मला शाळेत लावलं होतं, त्यासाठी मी वर्षभरात उर्दू शिकले होते. मी नको म्हणाले. आबा माझ्याशी कितीतरी दिवस बोलले नाहीत. मग एका सकाळी मुंबईचं पत्र माझ्यापुढं ठेवून म्हणाले, बघ काय म्हणतात. तेवढ्यावर मिटलं. गावातल्या बायका हळदीकुंकवाला बोलावताना अजून घुटमळतात, पण त्यांच्याच मुली सकाळी माझ्यापुढं येऊन बसतात. दरसाल तो धडा येतो. मागं कल्हईवाल्याची गौसिया म्हणाली, माझी दादी ओल्डेस्ट आहे आणि तिचा बकरा ओल्डर. सगळा वर्ग हसला, मीही हसले. पारू, मला हे काम आवडतं. कुणी विचारत नाही म्हणून कधी सांगितलं नाही.

औंदाचं सालही तुला कळायला पाहिजे, कारण तुझ्याकडं नाना तऱ्हेच्या गोष्टी पोचल्या असतील. फाल्गुनापासून रजाकारांच्या भीतीनं निम्मी गल्ली पैनगंगा ओलांडून गेली. आबा गेले नाहीत, जिनाच्या किल्ल्या कुणाला द्यायच्या म्हणाले. त्या दिवसांत फातिमाबी रोज दुपारी पानदान घेऊन यायच्या आणि आपल्या ओसरीवर रस्त्याकडं तोंड करून बसायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक रजाकाराला दिसेल असं बसायच्या. आपल्या घराला कुणी हात लावला नाही. त्यांच्यामुळं की नशिबानं, ते देव जाणे. मग भाद्रपदात फौज आली, निजामाचं राज्य गेलं, आणि भीतीनं गल्ली बदलली. फातिमाबींचा भाचा नासेर हैदराबादेला निघून गेला. त्या म्हणाल्या, मी कुठं जाऊ, माझी शाळा इथं आहे. मी आबांकडं पाहत होते, आबा माझ्याकडं. तेवढ्यात माय उठली, डोईवर पदर घेतला आणि छावणीकडं चालायला लागली. येताना फातिमाबींचं गाठोडं तिच्या काखेत होतं आणि फातिमाबी मागं. तिनं त्यांचं अंथरूण आपल्या खोलीत घातलं. तिसऱ्या दिवशी काही माणसं काठ्या घेऊन दारात आली, घरात कोण आहे म्हणून विचारायला. माय दारात आडवी उभी राहिली. “माझ्या लेकीची मास्तरीण हाय. आणखी कोण न्हाई. जा.” गेली माणसं. पुढं महिनाभर त्या आपल्याकडं होत्या. पाण्याचा प्रश्न मायनं कधी सोडवला ते मला दिसलं नाही, एक दिवस पाहिलं तर दोघी एकाच माठातलं पीत होत्या.

आता तुझ्या त्या चार ओळी. तू लिहिलंस, अक्काच्या वाटणीचं मी उचललं, देवानं ते माझ्याकडून काढून घेतलं, आता भोगते आहे ते भोगू दे. मी ह्या ओळी इतक्यांदा वाचल्या की कागद घडीवर फाटला.

ऐक. तुझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीला हरिचंदराव आले होते. तू मायजवळ करंज्या भरत होतीस. ते ओसरीवर माझ्यापाशी येऊन बसले आणि म्हणाले, तो एल्डरचा नियम पुन्हा एकदा सांगा, कचेरीत नक्कल करताना अडतो. मी सांगितला. मग सुपारी कातरता कातरता म्हणाले, “तुम्हाला वाटत असेल की मी तुम्हा दोघींना शेजारी ठेवून पाहिलं. तसं नव्हतं. मी घरून तीनच प्रश्न पाठ करून आलो होतो. शाळेत चुकलं की छडी, कचेरीत चुकलं की साहेबांचा आवाज. त्या दिवशी तुमच्यापुढं चुकलो, आणि दाराआड कुणीतरी हसलं. कुचेष्टेनं नाही, मौज वाटून. मला वाटलं, ह्या माणसाजवळ मी चुकलो तरी चालेल. कोण हसलं ते मला ठाऊकही नव्हतं. घरी जाऊन नामाजीला विचारायला लावलं.” वर म्हणाले, पारूला सांगू नका, डोक्यावर बसेल. मी शब्द दिला आणि पाळला. आता ते नाहीत, तर तो शब्द मी तुझ्याकडं परत करते. तुला कुणी माझ्या जागी बसवलं नव्हतं, पारू. ती जागा पहिल्यापासून तुझीच होती. बारा वर्षं एक माणूस तुझ्याजवळ न घाबरता चुकत राहिला, ह्याहून मोठं काही मी तरी कुणाच्या संसारात पाहिलं नाही.

पत्राचं कारण आता लिहिते. मी सोमवारी सकाळच्या मोटारीनं वाशीमला येत आहे, तुला आणि गोदूला घेऊन जायला. तुझे दीर तुला शेतावर गड्यांचा स्वयंपाक करायला पाठवणार आणि गोदूचं लग्न पुढच्या उन्हाळ्यात उरकणार, हे तू एका ओळीत लिहून पुढं गेलीस, पण मी तिथंच थांबले. आबांना विचारलं नाही, सांगितलं. ते म्हणाले, संतरामजींसाठी माझी चिठ्ठी घेऊन जा. मायनं तिची खोली तुम्हा दोघींसाठी सारवलीय. शाळेत पहिलीच्या वर्गाला मराठीची बाई पाहिजे, आणि चौथी झालेली तू आहेस. नको वाटलं तर नको करू, त्याचं नंतर बघू. मी न कळवता आले असते, पण तू दारात मला पाहून खाली मान घातली असतीस आणि काहीतरी फेडायचं म्हणून माझ्यामागं आली असतीस. तशी मला तू नको आहेस. म्हणून हे सगळं आधी लिहिलं, म्हणजे सोमवारी तू माझ्या तोंडाकडं नीट पाहशील. हे पत्र घरात कुणी आधी फोडून वाचलं तरी हरकत नाही. बोलायचं ते मी बोलेन, तू गोदूची वेणी घालून तयार राहा. मोटार दुपारीच परत फिरते.

तुझीच,
अक्का